क्लिफर्डला मदत लागत नाही

क्लिफर्ड ऑलरनशॉ आमच्याकडे आला, त्याच्या बराच आधी त्याच्या किल्ल्या आल्या. बसथांबा आमच्या घरापासून तीनशे पावलांवर. मध्ये एक उभा चढ, एक चर्च आणि एक तळलेल्या माशांचं दुकान. एवढं सगळं पार करून तो खणखणाट आमच्या बैठकीच्या खोलीत शिरला, तेव्हा मला वाटलं, कुठल्यातरी सर्कशीचा हत्ती साखळदंडासकट सुटलाय. आमच्याच घरात राहणाऱ्या, खिडकीशी बसलेल्या डल्सी प्रॉक्टरने पडदा जरासा बाजूला केला आणि म्हणाली, "बर्नी, जेलर आलाय. कोणाला न्यायला आलाय ते विचार. मी घरी नाही म्हणून सांग."

दारात पाच फूट दोन इंचांचा एक माणूस उभा होता. हातातली हत्यारांची पेटी अशी की त्याने पेटी आणली की पेटीने त्याला आणलं, हे सांगणं कठीण. घंटी त्याने वाजवली नाही. आधी दाराच्या बिजागरीवरून बोट फिरवलं, ते बोट नाकाशी नेलं आणि खेदाने मान हलवली. मग दार अकरा वेळा उघडलं आणि अकरा वेळा लावलं. मग माझ्याकडे ढुंकूनही न बघता आत आला, खोली तापवणाऱ्या पहिल्याच रेडिएटरला कान लावून बराच वेळ उभा राहिला, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात त्या आवाजात म्हणाला, "बॉयलर नाताळ बघत नाही."

"मी बर्नाडेट," मी म्हणाले. "हॉथॉर्न हाउसमध्ये तुझं स्वागत..."

"स्वागत राहू दे पोरी. पाण्याचा मेन कॉक कुठंय?"

मला तेव्हा बावन्न पूर्ण झाली होती, गुडघे वाजत होते आणि गेल्या तीस वर्षांत मला कोणी पोरी म्हटलं नव्हतं. मी हरखून मेन कॉक दाखवायला गेले. बॉयलर पुढे चार नाताळ बघून मग थकला, आणि या उद्धटपणाबद्दल क्लिफर्डने त्याला कधीच माफ केलं नाही.

क्लिफर्ड एकतीस वर्षं आमच्या क्लॉब्रिज गावातल्या एका शाळेचा केअरटेकर होता. शाळेच्या आवारातलं छोटं घर नोकरीबरोबर मिळालेलं. मग शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली, नोकरी गेली, आणि नोकरीच्या शेपटीला बांधलेलं घरही गेलं. हे सगळं त्याने झेललं असतं, पण त्याच वर्षी मेव्हिस गेली, त्याची बायको. मेव्हिस त्यांच्या संसारात एक काम करायची ज्याची क्लिफर्डला कल्पनाच नव्हती: ती पत्रं उघडायची. ती गेल्यावर पत्रं येतच राहिली आणि उघडायला कोणी उरलं नाही. जो माणूस तुंबलेल्या गटारात कोपरापर्यंत हात घालायचा, तो बंद पाकिटाला हात लावताना घामाघूम व्हायचा. भाड्याने घेतलेल्या खोलीच्या मालकाने तीन पत्रं पाठवली, कोर्टाने दोन. क्लिफर्डला बातमी कळली ती कोर्टाचा माणूस दारात उभा राहिल्यावर. त्या माणसाने दारावर लावायला आणलेलं नवं कुलूप नीट बसत नव्हतं म्हणून क्लिफर्डने ते बसवून दिलं, असं तो स्वतःच सांगतो, अभिमानाने. त्यानंतर अकरा आठवडे मेव्हणीच्या कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोक्यात, मग निवारागृहात, आणि मग आमच्याकडे, खोली नंबर चार.

आमचं घर सहा खोल्यांचं. एका छोट्या धर्मादाय संस्थेचं. आणि मी तिथली मदतनीस. मदतनीस म्हणजे मी कोणाला आंघोळ घालत नाही किंवा भरवत नाही. मी गोळ्यांची आठवण करून देते, डॉक्टरकडे नेते, शेगडी बंद आहे ना बघते, आणि दर मंगळवारी दहा वाजता चहा आणि कस्टर्डच्या बिस्किटांच्या साक्षीने क्लिफर्डची पत्रं त्याच्याबरोबर बसून उघडते. हे शेवटचं काम तो मदत मानत नसे. तो म्हणायचा, "तुला वाचायची हौस आहे म्हणून मी आणतो."

पहिल्याच आठवड्यात त्याने खोलीचं भाडं ऐकलं आणि खुर्चीत बसला.

"आठवड्याला दोनशे अठ्ठावीस पौंड? या खोलीचे? एवढ्यात मी टाउन हॉल भाड्याने घेतला असता, मेयरसकट!"

"मेयरला गोळ्यांची आठवण करून द्यायची सवय नाही," मी म्हणाले. "आणि ते तू देणार नाहीयेस. कौन्सिल देणार आहे. हाउसिंग बेनिफिट."

"माझे बाकीचे पैसे तर सरकारकडून येतात. युनिव्हर्सल क्रेडिट."

"ते खाण्यापिण्याचे. भाड्याचे इथे वेगळ्या खिडकीतून येतात, कौन्सिलच्या. साध्या घरात राहिलास तर भाडंही त्या सरकारी खिडकीतूनच, पण ठरलेल्या दराने, म्हणजे चिमूटभर. आमच्यासारख्या घरात जिना पुसणं, सामान, आगीची घंटा, सगळं भाड्यात धरतात आणि कौन्सिल ते पूर्ण देते. तुझ्या स्वतःच्या जेवणाचे आणि खोलीतल्या विजेचे मात्र तू द्यायचे."

"आणि एवढा उदारपणा कशासाठी?"

"कारण इथे माणसाला मदत मिळते. नावाला नाही, खरोखरीची. प्रत्येकाला ती मिळतेय का, हे कौन्सिल येऊन बघतं."

क्लिफर्डने विचार केला. "म्हणजे माझ्यासारख्याला इथे चुकून ठेवलंय," तो म्हणाला, आणि जिन्याचा कठडा घट्ट करायला उठून गेला.

बघायला कौन्सिलची, म्हणजे गावच्या नगरपालिकेची, मिस टॅटरसॉल आली ती नेमकी ज्या दिवशी डल्सी पायरी चुकून पडली आणि मी तिला घेऊन इस्पितळात चार तास बसले होते त्या दिवशी. भेट माझ्यासमोर व्हायची होती. क्लिफर्डच्या मदतीच्या नोंदींची फाइल कपाटात होती, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि पर्स इस्पितळात. एकशे चाळीस किल्ल्या बाळगणाऱ्या माणसाकडे तेवढी एक नव्हती.

संध्याकाळी आम्ही परतलो तर तो दारात, छाती दोन इंच पुढे.

"कौन्सिलची बाई येऊन गेली. एक चूक काढता आली नाही तिला."

"वा," मी म्हणाले. डल्सी माझ्या खांद्यावर होती, तिचा पाय माझ्या पायावर होता. मी फक्त "वा" म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही. या गोष्टीत चुका करणारा क्लिफर्ड एकटा नाही, हे इथेच नोंदवून ठेवते.

त्यानंतरचे तीन मंगळवार तो नेहमीप्रमाणे पत्रं घेऊन आला. कानाच्या यंत्राची जाहिरात. पिझ्झाचं पत्रक. वाचनालयाचं निवेदन, की सोमवारी बंद राहील. मी ती सगळी गंभीरपणे उघडून वाचली. क्लिफर्डकडे इतकी निरुपद्रवी पत्रं येतात याचा मला आनंद वाटत होता.

चौथ्या आठवड्यात सोमवारी डल्सीच्या खिडकीचा पडद्याचा दांडा निसटला. क्लिफर्ड शिडीवर चढला, वरून हुकूम सोडला, "डल्सी, पेटीतला खालचा कप्पा. दोन नंबरचा स्क्रूड्रायव्हर." त्या पेटीला हात लावायची परवानगी तोवर देवालाही नव्हती, पण दोन्ही हातांनी दांडा धरलेला माणूस काय करणार? डल्सीने कप्पा उचलला आणि गप्प झाली. डल्सी गप्प झाली की मी हातातलं काम टाकून धावते.

पेटीच्या तळाशी सतरा तपकिरी पाकिटं होती. सतराही बंद. तारखेनुसार लावलेली, कडा जुळवलेल्या, सुतळीने बांधलेली. इतकी सुबक बंद पत्रं मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"क्लिफर्ड," डल्सी म्हणाली, "कौन्सिलचं तुझ्यावर प्रेम आहे हे तू आम्हाला सांगितलं नाहीस."

"ती नंतर बघायची आहेत."

"कधी नंतर?" मी विचारलं.

"सवड झाली की."

मी सगळ्यात वरचं उघडलं. मिस टॅटरसॉलचं होतं. तिने अतिशय सभ्य शब्दांत लिहिलं होतं की मिस्टर ऑलरनशॉ यांना या घरात कसलीही मदत मिळत असल्याचं दिसत नाही. म्हणून त्यांच्यापुरतं हे घर साधं घर धरलं जाईल. त्यांचं हाउसिंग बेनिफिट बंद होईल, आणि भाड्यासाठी त्यांनी युनिव्हर्सल क्रेडिटकडे साध्या खोलीच्या दराने अर्ज करावा. तो दर आमच्या भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. निर्णय मान्य नसेल तर एका महिन्यात कळवा. महिना संपायला पाच दिवस होते.

सोबत भेटीची टिपणं होती, शब्दशः.

प्रश्न: इथले कर्मचारी तुम्हाला मदत करतात का? उत्तर: मी त्यांना करतो. प्रश्न: गोळ्यांची आठवण कोण करून देतं? उत्तर: गोळ्या डबीत आहेत, डबी जागेवर आहे. प्रश्न: पत्रव्यवहार? उत्तर: अद्ययावत. प्रश्न: नोंदींची फाइल? उत्तर: कपाटात. कपाट उत्तम स्थितीत. प्रश्न: बर्नाडेट नसती तर काय झालं असतं? उत्तर: शांतता.

"शांतता?" मी म्हणाले.

"ते आपलं गमतीने," शिडीवरून आवाज आला.

"अरे, या गमतीने तुझी खोली चालली! भाड्याचे दोन हिस्से कोण देणार? संस्थेकडे नाहीत, तुझ्याकडे नाहीत, माझ्याकडे तर बघूच नकोस."

क्लिफर्ड खाली उतरला. दांडा एका बाजूने तसाच लोंबत राहिला. अर्धवट काम सोडून तो उतरला तेव्हाच मला कळलं, की त्याला आता सगळं कळलंय. पेटी बंद केली, आपल्या खोलीत गेला, आणि दहा मिनिटांनी मी डोकावले तर सदरे घड्या घालून बॅगेत चालले होते.

"हे काय चाललंय?"

"कोर्टाचा माणूस आल्यावर घाई होते," तो म्हणाला. "मागच्या वेळी मेव्हिसचे चष्मे राहून गेले." आणि जरा थांबून, "कॅरव्हॅनला मेन कॉकसुद्धा नाही गं. जानेवारीत पाणी बंद करता येत नाही, पाइप फुटतात."

मी त्याच्या बॅगेतून सदरे काढून परत कपाटात ठेवले. मग खाली येऊन मिस टॅटरसॉलला फोन लावला. बाई भली होती. म्हणाली, "गुरुवारी येते, तुमची फाइल दाखवा. पण मला त्यांच्या तोंडूनही ऐकायला हवं. तुम्ही दिलेल्या मदतीची नोंद मी वाचीन, पण ती घेणाराच नाही म्हणत असेल तर माझी पंचाईत होते."

म्हणजे क्लिफर्डने फक्त एक वाक्य बोलायचं होतं: हो, मला मदत लागते. मंगळवारी आम्ही तालमीला बसलो. पाय टेबलावर ठेवून, डोक्यावर किटलीची लोकरी टोपी घालून डल्सी मिस टॅटरसॉल झाली.

"मिस्टर ऑलरनशॉ, तुम्हाला मदत लागते का?"

"नाही."

"अरे मूर्खा!"

"सवयीने गेलं. परत विचार."

"मिस्टर ऑलरनशॉ, पत्रं उघडायला तुम्हाला कोणी मदत करतं का?"

"सगळं व्यवस्थित आहे, मॅडम."

सात वेळा विचारलं, सात वेळा सगळं व्यवस्थित होतं. आठव्या वेळी त्याने "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला ठसकाच लागला. बिस्किटाचा असेल, पण मला तसं वाटत नाही.

डल्सीने टोपी काढून आपटली. "तुझ्या त्या शाळेतसुद्धा सगळं व्यवस्थितच होतं का रे एकतीस वर्षं?"

"व्यवस्थित?" क्लिफर्ड उसळला. "व्यायामशाळेचं छप्पर नऊ ठिकाणी गळायचं! मुलींच्या स्वच्छतागृहातली तिसरी टाकी मी सुतळीवर चालवली!"

"मग तपासणीला साहेब यायचे त्यांना सांगायचास?"

"साहेबांना?" तो इतका हादरला की जणू तिने त्याला चर्चमध्ये शिट्टी वाजवायला सांगितलं. "साहेबांना कधी कोणी सांगतं का? साहेब आले की सगळं व्यवस्थित. बिघाड दुरुस्तीच्या वहीत लिहायचा. वहीत मात्र सगळं खरं. वहीत खोटं लिहिणारा केअरटेकर मी पाहिला नाही, आणि पाहिला असता तर बोललो नसतो त्याच्याशी."

डल्सीने माझ्याकडे पाहिलं. मी डल्सीकडे पाहिलं. मग मी उठले, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, आणि रेघांची, कडक पुठ्ठ्याची, लाल कण्याची एक वही आणून क्लिफर्डपुढे ठेवली.

"खोली नंबर चारमध्ये बिघाड आहे," मी म्हणाले. "नोंद कर."

"खोलीत काही बिघाड नाही."

"खोलीत नाही म्हणाले मी. नंबर चारमध्ये."

त्याने वही उचलली. पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. "पुठ्ठा बरा आहे," म्हणाला, आणि वही काखेत मारून वर गेला. बुधवारी दिवसभर खाली आला नाही. जेवायलाही नाही. डल्सीने मटण-बटाट्याच्या हॉटपॉटची बशी दाराशी ठेवली, ती रिकामी होऊन बाहेर आली, एवढाच जिवंतपणाचा पुरावा.

गुरुवारी मिस टॅटरसॉल आली. तरुण, सर्दी झालेली, हातात आमच्यापेक्षा जाड फायली. क्लिफर्ड टाय बांधून बसला होता. तिने घसा साफ केला आणि विचारलं, "मिस्टर ऑलरनशॉ, मागच्या भेटीत तुम्ही म्हणालात की तुम्हाला इथे मदत लागत नाही. आजही तुमचं तेच म्हणणं आहे?"

"सगळं व्यवस्थित आहे, मॅडम," क्लिफर्ड म्हणाला.

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. डल्सीने डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात क्लिफर्डने टेबलाखालून वही काढली, दोन बोटांनी तिच्यापुढे सरकवली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला.

मिस टॅटरसॉलने वही उघडली. अक्षर सुबक, एकेक ओळ सोडून. ती वाचू लागली. मोठ्याने, आम्हालाही ऐकू जाईल अशी.

"वस्तू: ऑलरनशॉ, नग एक. वय एकसष्ट. बिघाड पहिला: पत्रं उघडत नाही. केव्हापासून: मेव्हिस गेल्यापासून. न उघडलेली सोळा, पेटीत, पाहणीसाठी उपलब्ध. बिघाड दुसरा: संध्याकाळच्या गोळ्या विसरतो. बर्नाडेट दारावर टकटक करते तेव्हा घेतो. बिघाड तिसरा: शेगडी चालू राहिली, दोन वेळा. दुसऱ्या वेळी टॉवेल गेला. टॉवेल संस्थेचा. बिघाड चौथा: विचारलं की नाही म्हणतो. कारण सापडलेलं नाही. केलेली दुरुस्ती: दर मंगळवारी दहा वाजता बर्नाडेट. रोज संध्याकाळी बर्नाडेट. दुरुस्ती तात्पुरती आहे, पण धरून आहे. सूचना: काढू नये."

वाचून झाल्यावर मिस टॅटरसॉलने रुमाल काढला. सर्दी होतीच तिला.

"पक्की दुरुस्ती कधी होईल असा तुमचा अंदाज आहे?" तिने विचारलं, अगदी सरळ चेहऱ्याने.

"एवढ्या जुन्या मालाचा अंदाज देता येत नाही, मॅडम," क्लिफर्ड घड्याळाला म्हणाला. "पण काम चालू आहे."

मग तिने फाइल पाहिली, सोळा बंद पाकिटं पाहिली, त्यांची सुतळी सोडताना तिलाही वाईट वाटलं असावं, आणि वहीच्या पानाचा फोटो काढून घेतला. जाताना दारात थांबून दार एकदा उघडून लावलं. "छान चालतं," म्हणाली. क्लिफर्ड कानापर्यंत लाल झाला.

निर्णय यायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस क्लिफर्डने घरातला प्रत्येक स्क्रू आवळला, काही तर दोनदा, आणि बाथरूमचं दार इतकं आवळलं की डल्सी पाऊण तास आत अडकली आणि तिथूनच त्याच्या सगळ्या पिढ्यांची विचारपूस करत राहिली.

मंगळवारी दहाला तो आला. हातात कानाच्या यंत्राची जाहिरात नव्हती, पिझ्झा नव्हता. एकच पाकीट, तपकिरी, बंद. माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसला.

"उघड," म्हणाला. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा: "मला जमत नाही गं ते."

मी उघडलं. आधीचा निर्णय रद्द. मिस्टर ऑलरनशॉ यांना खरोखरीची मदत मिळते हे कौन्सिलला मान्य. हाउसिंग बेनिफिट पूर्वीसारखं, पूर्ण भाड्याचं, मधल्या आठवड्यांसकट. खोली नंबर चार जागेवर.

मी वाचलं, मग त्याच्या आग्रहाखातर परत वाचलं, मग डल्सीने हिसकावून घेऊन नाटकी आवाजात तिसऱ्यांदा वाचलं. क्लिफर्डने खुर्चीत पाठ टेकली. मी त्याला इतके महिने ओळखत होते, पण पाठ टेकून बसलेला पहिल्यांदा पाहत होते. खांदे खाली आले, हात मांडीवर उताणे पडले, आणि चहा निवून गेला तरी तो तसाच बसून राहिला, चेहऱ्यावर भरल्या पोटाचं समाधान घेऊन. मग हळूच म्हणाला, "उरलेली सोळा पण आणतो म्हणतो मी. एका आठवड्याला दोन घेऊ. एकदम नको."

"एकदम नकोच," मी म्हणाले.

"आणि डल्सी, तुझा पडद्याचा दांडा अजून लोंबतोय."

"दोन आठवडे लोंबतोय, गाढवा! वहीत नोंद केली होती मी!"

"वही भरली," क्लिफर्ड म्हणाला, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन उठला.

चौदा महिन्यांनी त्याला गॅस डेपोमागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, कौन्सिलचा एका खोलीचा फ्लॅट मिळाला. घर साधं असल्यामुळे त्याचं भाडं आता युनिव्हर्सल क्रेडिटमधून जातं. आम्हाला भेटायला तो अजून एकदाही आलेला नाही. दर मंगळवारी दहाला तो फक्त बिजागऱ्या तपासायला येतो, आणि पेटीत पत्रं असतात हा निव्वळ योगायोग.